आजोबांचं पत्त्यांचं टेबल

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि चार-पाच महिन्यांत आजोबांनी ब्रिज सोडलं. दांडिया बझारच्या जुन्या घरी दर बुधवारी दुपारी तीनला चौघं जमायचे. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा तो रिवाज. "आता लक्ष लागत नाही रे," एवढंच ते म्हणाले. ८४ वर्षांच्या माणसाने असं म्हटलं की घरात प्रत्येकाच्या मनात एकच शंका येते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. आई गुपचूप त्यांच्या गोळ्या मोजायला लागली.

मी माझ्या धंद्याला शोभेल असाच उपाय केला. टॅबलेट आणला, त्यात ब्रिजचं ॲप टाकलं. आजोबा त्यावर मजेत खेळायचे, कॉम्प्युटरच्या भिडूला शिव्या घालायचे आणि कुठल्या हाताला कोणता पत्ता पडला हे डाव संपल्यावर मला बिनचूक सांगायचे. म्हणजे डोकं शाबूत होतं. मग बुधवार का बंद पडला?

उत्तर दिवाळीत मिळालं. डायनिंग टेबलावर मुलांबरोबर मेंढीकोट मांडला होता. आमचं टेबल वरून काचेचं. सगळ्यांनी आपापले तेरा पत्ते उचलून लावलेसुद्धा, आणि आजोबा अजून एकेक पत्ता बोटाने सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आणत होते, म्हणजे खालून धरता येईल. संधिवाताने बोटं आखडलेली. दोन पत्ते उलटे होऊन खाली पडले, सगळ्यांना दिसले. "तुम्ही खेळा, मी बघतो," म्हणून ते उठले. ब्रिजमध्ये असे पत्ते दिसणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. लाजेपायी त्यांनी खेळच सोडला होता आणि आम्ही त्यांच्या मेंदूची काळजी करत बसलो होतो.

काचेवर पत्ता सपाट चिकटून बसतो, नख शिरायला फट राहत नाही. कापडावर मात्र एका कडेला बोट दाबलं की कापड दबतं आणि समोरची कड जरा वर येते. शिवाय वाटताना पत्ता घसरून समोरच्याच्या मांडीत जात नाही. सतरंजीवर बसून झब्बू खेळताना आपल्याला हे फुकट मिळतं, म्हणून कधी लक्षात येत नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, १२० गोल पत्त्यांचा, तोही खाली बैठकीवरच खेळायचा खेळ. टेबल ही मुळात आपली गरजच नव्हती.

ती गरज होती खुर्चीवर बसणाऱ्यांची. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून खास पत्त्यांसाठी टेबलं बनू लागली. पुढे व्हिस्टचं वेड इतकं वाढलं की १७४२ मध्ये एडमंड हॉइल याने त्या खेळावर पुस्तकच काढलं. तोवर बऱ्या घरांतून असं टेबल आलेलं होतं. खेळ नसेल तेव्हा घडी घालून भिंतीला लावायचं, उघडलं की आत हिरवं लोकरी कापड. चार कोपऱ्यांवर मेणबत्त्यांसाठी सपाट गोल जागा, आणि प्रत्येक खेळाडूपुढे नाणी ठेवायला लाकडात कोरलेला उथळ खळगा. ओम्ब्र हा तिघांचा खेळ, तर त्यासाठी चक्क त्रिकोणी टेबलं केली होती!

खरी डोकेदुखी पायांची. घडी उघडल्यावर दुसऱ्या पाटाला आधार हवा, म्हणून मागचा एक पाय बिजागरीवर बाहेर फिरवायचे. टेबल उभं राहायचं, पण पाय भलत्याच जागी आल्यामुळे दिसायला लंगडं. मग कोणा सुतारांनी मागचे दोन्ही पाय चौकटीसकट मागे ओढायची युक्ती काढली. बाजूच्या पट्ट्या घडीच्या, पेटीच्या भात्यासारख्या उघडणाऱ्या. देखणं काम, पण किती बिजागऱ्या! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी रचना रूढ झाली ती मला सगळ्यांत आवडते. वरचा घडीचा पाट पाव वळसा फिरवायचा आणि मग उघडायचा. फिरवल्यामुळे खालची चौकट दोन्ही पाटांखाली आपोआप येते, पाय जागचा हलत नाही. खालच्या कप्प्यात पत्त्यांचे कॅट ठेवायची सोयही होते. आमच्याकडे कोणी कोड कमी करून बग घालवला की जो आनंद होतो, तसं वाटलं मला.

१९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम बसवले. खेळ घरोघरी गेला, तशी पाय दुमडणारी हलकी चौकोनी टेबलं सगळीकडे झाली. स्पर्धांमध्ये टेबलाचं काम आणखी वाढलं. भिडूने भिडूला खुणा करू नयेत म्हणून १९७५ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत टेबलावर तिरका पडदा लावला. तर इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला! मग स्पर्धा चालू असतानाच पत्त्यांच्या टेबलाखाली छोटी कॉफी टेबलं सरकवून ठेवली. पुढे पडदाच जमिनीपर्यंत गेला.

आजोबांचं टेबल असंच पाय दुमडणारं, फ्लॅटच्या माळ्यावर टाकलेलं. 'इथे जागा कुठे आहे' असं म्हणून ते मीच वर ढकललं होतं. कापडाला कसर लागलेली. मी आधी ऑनलाइन हिरवं फेल्ट मागवून चिकटवलं. आठवड्यात त्याचे गोळे निघायला लागले आणि डिंकाचे डाग वर आले. मिस्त्रीकाकांना बोलावलं, म्हटलं सरळ सनमायका लावू या का? ते कपाळाला हात लावून म्हणाले, "भाई, आ तो पत्तां रमवानुं टेबल छे, एने चळकतुं ना कराय!" त्यांनीच बिलियर्डच्या टेबलावरचं उरलेलं लोकरी कापड मिळवून दिलं. खाली जुन्या ब्लँकेटचा एक थर दिला, कापड ताणून कडेला खिळवलं, वर डिंकाचा थेंब नाही. उंची भरली २७ इंच. आमचं डायनिंग ३०. आजोबांचे कोपर आता खांद्यापर्यंत उचलले जात नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी काही न बोलता एक पत्ता ठेवला, उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग फोन मागितला.

चौघांपैकी एक काका मधल्या काळात मुलीकडे पुण्याला गेले, ते परत येणार नाहीत. त्यामुळे बुधवारी दुपारी मी कॅलेंडरमध्ये 'मीटिंग' टाकतो आणि आजोबांचा भिडू म्हणून बसतो. परवा चार इस्पिक बोलून दोन हातांनी बुडालो. पाहुणे जाईपर्यंत आजोबा गप्प होते. मग पत्ते गोळा करता करता म्हणाले, "तुझा तो कॉम्प्युटर बरा होता."