काळोखातला काळा घोडा

मागे मिट्ट काळोख आणि समोर काळाकुळकुळीत घोडा. काढा बघू फोटो!

मी हा उद्योग केला आणि सपशेल फसलो. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसलं की दोंडाईचा लागतं. तिथून एस.टी.नं सारंगखेडा. भुसावळजवळून वाहणाऱ्या तापीच्याच काठी हे गाव आहे. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यात होतं. दत्तजयंतीला इथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार.

त्या बाजारात एका काकांचा काळा घोडा विकला गेला होता. सकाळी नवा मालक त्याला नेणार होता. “एक फोटो काढून द्या,” काका म्हणाले, “घरी पोरं रडतील.” मी ऐटीत फ्लॅश उडवला. घोडा दचकून मागे सरला, मोतद्दाराची धांदल उडाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काय दिसलं? चमकणारे दोन डोळे आणि भोवती काळा डाग. काका म्हणाले, “भाऊ, हाऊ घोडा शे का कोयसा?”

चुकलं कुठं? घोड्याचं तुकतुकीत अंग म्हणजे जणू काळा आरसाच. तुम्ही आरशानं भिंतीवर कवडसा पाडता ना? प्रकाश ज्या कोनात येतो, त्याच कोनात परततो. समोरून टाकलेल्या उजेडातला जो परततो, तोही बहुतेक अंगाच्या गोलाईवरून भलतीकडेच जातो, कॅमेऱ्याकडे येतच नाही. डोळ्यांच्या आत मात्र उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून ते तेवढे चमकतात.

घरी करून बघा. पॉलिश केलेला शाळेचा काळा बूट काळ्या छत्रीवर ठेवा, खोलीत अंधार करा. टॉर्च समोरून मारा : बूट छत्रीत हरवतो. आता टॉर्च बाजूला, थोडी बुटाच्या मागे न्या. कडेनं चमकदार रेघ उमटते की नाही? मग दुसऱ्या बाजूला वहीचा कोरा कागद धरा. बुटाच्या अंगावर मऊ उजेड पसरतो, शिवणसुद्धा दिसू लागते.

१८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं १२ कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. तो सरळ मागे पांढरा पडदा लावून मोकळा झाला! आपल्याला ती चैन नव्हती.

पहाटे मी पुन्हा गेलो. मोतद्दारानं खरारा केला, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. मागे ताडपत्रीच्या पालाची सावली होती, ऊन तिरपं, घोड्याच्या मागच्या बाजूनं येत होतं. दुसऱ्या बाजूला एकानं पांढरी चादर धरली. आधी ती घोड्याला हुंगू दिली बरं का, फडफडली तर तो बुजतो. आणि घोड्याच्या मागे कधीच उभं राहायचं नाही. आईबाबांनो, तेवढं लक्ष तुम्ही ठेवा.

एक खोड मात्र कॅमेऱ्याची. समोरचं सगळं मध्यम करडं असणार, असं तो धरून चालतो. काळंच काळं दिसलं की उजेड वाढवतो आणि राजबिंडा घोडा राखाडी गाढवासारखा दिसतो! म्हणून उजेड मुद्दाम कमी करायचा. बऱ्याच मोबाईलवर घोड्यावर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा.

या वेळी पाठीवर उजेडाची रेघ आली. आयाळीचा केस न् केस सुटा दिसला. मारवाडी जातीचे, आत वळलेले कान टोकाशी टेकले होते, तेही आले. चादरीचा पांढरा ठिपका डोळ्यात उतरला होता. त्या ठिपक्यानंच डोळा जिवंत वाटत होता.

काकांनी फोटो बराच वेळ पाहिला. “मोठा काढून पाठवा,” म्हणाले. तेवढ्यात नवा मालक आला आणि त्यांनी लगाम त्याच्या हाती दिला.