मूल्यांची जडणघडण
लेखांक ५ : नायगावहून आलेले पत्र

मागच्या आठवड्यात आपण झाँ पियाजे यांच्यापाशी थांबलो होतो. स्वित्झर्लंडमधल्या मुलांचा गोट्यांचा खेळ न्याहाळून त्यांनी १९३२ साली मांडले, की लहान मुलाला मोठ्यांनी घालून दिलेला नियम अढळ वाटतो. बरोबरीच्यांशी खेळता-भांडता त्याला उमगते, की नियम माणसेच करतात आणि बदलूही शकतात. पण जिथे जातीचा नियमच धर्म मानला जाई, तिथे जाणत्या माणसांना हे कसे उमगले? त्यासाठी पुण्यातल्या फुल्यांच्या घरात डोकवायला हवे.

जोतीराव लहान असतानाच आई गेली. त्यांना वाढवले बालविधवा सगुणाबाईंनी. वडील गोविंदराव यांनी मध्येच शाळा सोडवली, तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, असे चरित्रकार सांगतात. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तिथे मित्रांसोबत थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली.

हे सगळे प्रभाव बाहेरचेच. पण अपमान झालेला माणूस बहुतेकदा स्वतःपुरता मान मागतो आणि आपल्याहून खालच्याला खालीच ठेवतो. जोतीरावांनी आपल्या अपमानावरून इतरांचे दुःख ओळखले. वाचनाने त्या अनुभवाला दिशा दिली आणि अनुभवाने वाचनाला धार.

मूल्य एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, हे जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई यांच्या १८५६ सालच्या पत्रात दिसते. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हा दोघांना वाळीत टाकले ते योग्यच झाले, असे भाऊ बोलला. सावित्रीबाईंनी त्याला परके तत्त्वज्ञान ऐकवले नाही. तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसालाच अस्पृश्य का मानतोस, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भाऊ खजील झाला. आईचेही मन पालटले. भूतदया त्या घरात मुरलेलीच होती. सावित्रीबाईंनी तिची हद्द माणसापर्यंत वाढवली.

म्हणून मला वाटते, बाहेरचा विचार रुजतो तो आत आधीपासून असलेल्या एखाद्या चांगुलपणाला हात घालतो तेव्हा. आणि तो खरोखर आपला होतो, तो त्याची किंमत मोजल्यावर. जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागूनही या दोघांनी शाळा सोडली नाही. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

आज मुलांपर्यंत मोबाईलवरून काय काय पोचते, याची काळजी प्रत्येक घरात आहे. ती रास्तच आहे. पण सगळी दारे बंद करणे कुणालाच जमणार नाही. मुलाने ‘असे का?’ विचारले, तर ‘आपल्यात असेच असते’ म्हणून त्याला गप्प न करणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. त्या प्रश्नाला घरात जागा मिळाली, तर बाहेरून आलेले पारखून घ्यायला मूल शिकते.

पुढील लेखात : फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आलेला निबंध.