ट्रकमधून उतरणारी भिंत

बारा मीटर लांब, तीन मीटर उंच आणि 20 सें.मी. जाड अशी विटांची भिंत बांधायची, तर साधारण 3,600 विटा लागतात. यातली प्रत्येक वीट हातानं उचलली जाते आणि तीही एकदाच नाही. ट्रकमधून खाली, खालून वर, बिगाऱ्याच्या हातून गवंड्याच्या हातात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकी हिशेबानं एक गवंडी दिवसाला जेमतेम एक घनमीटर बांधकाम उचलतो, म्हणजे ही भिंत त्याचे सात दिवस खाणार. मग दोन्ही बाजूंचं प्लास्टर. 72 चौरस मीटर, आणखी नऊ दिवस. वाळू चाळणारे, माल कालवणारे, घमेली वाहणाऱ्या बाया, सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारा पोरगा या हिशेबात धरलेच नाहीत. सगळं उरकल्यावर वायरमन येतो आणि नव्याकोऱ्या प्लास्टरमध्ये झिऱ्या मारतो. त्या बुजवायला पुन्हा गवंडी!

बांधकामावर माणसं मिळत नाहीत, ही तक्रार आता गावोगावी ऐकू येते. 2020च्या टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले आणि शहरांतल्या साइट्स ओस पडल्या, तेव्हा आपली बांधकामं किती हातांवर उभी आहेत ते सगळ्यांनाच दिसलं. यावर पुण्या-मुंबईत रुळलेला उपाय म्हणजे सिपोरेक्स, अर्थात हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले हलके काँक्रीट ब्लॉक. ब्लॉक मोठा असल्यानं रचाई झपाझप होते. पण प्लास्टर सुटत नाही, झिऱ्याही सुटत नाहीत. काम वेगानं होतं. कामांची यादी मात्र तेवढीच राहते.

ही यादीच कापणारं एक साहित्य ऑस्ट्रेलियात 1990च्या सुमारास तयार झालं. जिप्सममध्ये काचतंतू घालून ओतलेलं पोकळ पॅनेल. अभियंते त्याला जीएफआरजी म्हणतात, बाजारात ते ‘रॅपिडवॉल’ या नावानं आलं. पॅनेल 12 मीटर लांब, 3 मीटर उंच आणि फक्त 124 मि.मी. जाड. दोन्ही अंगांना 15 मि.मी.चे पापुद्रे, मध्ये 94 मि.मी.ची पोकळी आणि दर 25 सें.मी.वर एक उभी बरगडी. अख्ख्या पॅनेलचं वजन 1.6 टनांच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला मोजली ती पूर्ण भिंत ट्रकमधून एका तुकड्यात उतरते, क्रेननं जागेवर बसते आणि ओळंब्यात आणून टेकू लावले की क्रेन पुढच्या पॅनेलकडे वळते.

खरी गंमत त्या पोकळ्यांत आहे. त्यांत सळ्या सोडून काँक्रीट ओतलं की पॅनेल हाच साचा होतो. वेगळ्या फळ्या नकोत, ठोकाठोक नको. वायरिंगच्या नळ्या त्याच पोकळ्यांतून खाली उतरतात. पृष्ठभाग कारखान्यातूनच गुळगुळीत आलेला असतो, त्यामुळे प्लास्टर रद्द. दारं-खिडक्यांची भोकं आराखड्याप्रमाणे आधीच कापलेली. हेच पॅनेल आडवं टाकून, ठरावीक पोकळ्या वरून उघडून त्यांत सळ्या आणि काँक्रीट भरलं की स्लॅबही तयार होतो. खाली टेकू लागतात, पण सेंटरिंगच्या फळ्यांचं जंगल लागत नाही. गवंडी, सेंटरिंगवाला, प्लास्टरवाला आणि झिऱ्या मारणारा या चौघांचं बरंचसं काम एकट्या वस्तूनं अंगावर घेतलं आहे.

आणि पाणी मारणं? त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. जिप्समच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दोन रेणू चिकटलेले असतात. दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यांतला दीड उडून जातो आणि पांढरी भुकटी उरते. तिचं नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. होय, गणपतीच्या मूर्तींमुळे दरवर्षी गाजणारं तेच पीओपी. भुकटीत पाणी घातलं की गमावलेलं पाणी ती पुन्हा ओढून घेते, सुयांसारखे स्फटिक वाढून एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत माल घट्ट होतो. सिमेंटचं असं नाही. त्याची ताकद मोजायला 28 दिवस थांबतात आणि सुरुवातीचे बरेच दिवस त्याला ओलं ठेवण्यात माणसं गुंततात. पोकळीतल्या काँक्रीटला मात्र ही सक्ती चुकत नाही. ते पापुद्र्यांआड ओल धरून राहतं एवढंच. स्फटिकांत अडकलेलं पाणी वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं. आग लागली तर उष्णता आधी ते पाणी हुसकावण्यात खर्च होते, म्हणून जिप्समची भिंत आगीला बराच वेळ दाद देत नाही. जिप्समला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ती उणीव काचेचे तंतू भरून काढतात.

कच्चा माल तर आपल्याकडे ढिगांनी पडून आहे. फॉस्फेटी खतासाठी लागणाऱ्या एक टन फॉस्फोरिक आम्लामागे जवळपास पाच टन जिप्सम निघतं. म्हणूनच भारतात ही पॅनेल खत कारखान्यांच्या कुशीत जन्मली: मुंबईत आरसीएफ आणि कोचीला फॅक्ट. या जिप्सममध्ये खनिजातून आलेलं किंचित रेडियम असू शकतं. त्याची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळानं घालून दिली आहे आणि ती तपासणं हे प्रत्यक्ष करायचं काम आहे, नुसता फाइलला जोडायचा कागद नव्हे.

आयआयटी मद्रासमध्ये प्रा. देवदास मेनन आणि प्रा. मेहेर प्रसाद यांच्या गटानं या पॅनेलवर कित्येक वर्षं चाचण्या केल्या आणि 2013मध्ये आवारातच दुमजली इमारत उभारून दाखवली. चार घरं, 1,981 चौरस फूट, महिन्याभरात.

मग सगळीकडे हेच का दिसत नाही? एक तर ‘हलकी भिंत’ हे अर्धसत्य आहे. सगळ्या पोकळ्या भरल्या तर आपल्या या भिंतीत तीन घनमीटर काँक्रीट जातं आणि वजन नऊ टनांवर पोहोचतं. विटांच्या भिंतीपेक्षा तरीही कमीच, पण रिकाम्या पॅनेलच्या कितीतरी पट. दुसरं, बारा मीटरचा ठिसूळ तुकडा चिंचोळ्या गल्लीत नेणार कसा? कारखाना दूर असला तर भाड्यातच मजुरीची बचत जिरते. तिसरं, जिप्समचा शत्रू पाणी. जलरोधक रसायनं कालवलेली असली, तरी न्हाणीघर आणि गच्ची इथला हलगर्जीपणा ही भिंत माफ करत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठी अडचण आपल्या सवयीची आहे. ‘बघू, नंतर फोडू’ या भरवशावर आपली बांधकामं चालतात. इथं प्रत्येक बटणाची जागा पॅनेल कापण्याआधी ठरावी लागते. श्रम नाहीसे होत नाहीत. ते उन्हातून उठून कारखान्यात आणि आराखड्याच्या टेबलावर जाऊन बसतात. साइटवरून पहिलं जातं ते घमेलं. ते वाहणाऱ्या बाईला आपण करणी कधी हातात धरू दिली नाही, तेव्हा क्रेनच्या साइटवर तिला कोणतं काम देणार, हा प्रश्न ठेकेदारांनी आणि सरकारनं आत्ताच हाताळायला हवा.

अशा इमारतीत घर घेत असाल तर बिल्डरकडून प्रत्येक भिंतीचा नकाशा मागून घ्या. कोणत्या पोकळीत सळई आहे, कोणतीत वायर आणि कोणती रिकामी, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. तो हातात नसेल, तर एसीसाठी ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला भिंतीला हात लावू देऊ नका.