खरखर राहू द्या, पट्टी सांभाळा

जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न हमखास सॉफ्टवेअरचा येतो. ते तर फुकट मिळतं. २००० साली आलेलं ‘ऑडॅसिटी’ घरगुती कामाला पुरून उरतं. पण आवाजाचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. रेकॉर्ड किती स्वच्छ होती, सुई कोणती होती, थाळी किती वेगाने फिरत होती, यात जे हुकलं ते नंतर माउस हलवून परत येत नाही.

माळ्यावर सापडतात त्या रेकॉर्डी मुख्यतः दोन जातींच्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जड आणि पडली की तुकडे होणारी ती लाखेची. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचं उमेदीतलं गाणं याच तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं. दुसरी व्हिनाइलची: १९४८ साली अमेरिकेत आलेली ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणि पाठोपाठ आलेली ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. पाश्चात्त्य देशांत ७८ची सद्दी संपली तरी आपल्याकडे ती टिकून होती. साठच्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यात चक्क बीटल्सची गाणी ७८वर निघाली. संग्राहक आजही त्यांच्या मागावर असतात.

जात ओळखणं का महत्त्वाचं, ते धुताना कळतं. व्हिनाइलला डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसलेलं चालतं. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नये. जुन्या पद्धतीचं पॉलिश करणारा सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतो, आणि चपडी म्हणजे लाखच. रेकॉर्डवर स्पिरिट फिरवलं तर बुरशीबरोबर गाणंही पुसलं जाईल. ७८ला डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश आणि मधला कागद कोरडा ठेवण्याची काळजी, एवढंच पुरे.

मग सुई. एलपीची खोबण अरुंद, तिला सुमारे ०.७ मिलची सुई लागते. ७८च्या रुंद खोबणीला साधारण ३ मिलची, म्हणजे चौपट जाड. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची बारीक सुई ७८वर ठेवली तर ती खोबणीच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. लाखेची तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. नव्या तबकडीची खोबण काळी चमकते, पोलादी पिनांनी झिजलेली करडी दिसते. अशा वेळी जाणकार किंचित वेगळ्या जाडीची सुई लावून पाहतात. ती खोबणीच्या भिंतीला थोड्या वर किंवा खाली टेकते, आणि जुन्या पिनांनी न खरवडलेला पट्टा सापडला तर गाणं उजळतं. कोणतंही सॉफ्टवेअर हे करू शकत नाही.

आणखी एक युक्ती मोनो रेकॉर्डींसाठी. त्यांच्यात सुई फक्त आडवी हलावी अशी योजना असते, पण झीज आणि धूळ तिला वर-खालीही उडवतात. स्टीरिओ कार्ट्रिजने दोन्ही चॅनेल घेऊन नंतर एकत्र केले की ही उभी थरथर बरीचशी आपसांत रद्द होते. एकच भिंत खराब झालेली असेल तर चांगल्या बाजूचा चॅनेल तेवढा ठेवावा.

टर्नटेबलची वायर सरळ कॉम्प्युटरला जोडली तर आवाज किरटा आणि क्षीण येतो. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात हे एक कारण. दुसरं असं की, खर्जाला खोबण फार रुंद हलू नये म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. ते उलट फिरवायला फोनो प्रीअँप लागतो. १९५४ साली यासाठी आरआयएए हे प्रमाण ठरलं. त्याआधी कंपनीगणिक हिशेब वेगळा होता, म्हणून ७८साठी ही जुळणी कानाने आणि सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते. यूएसबी टर्नटेबलमध्ये बहुधा प्रीअँप आतच असतो. सोय चांगली, ७८साठी अपुरी. घूं असा सतत आवाज आला तर आधी अर्थिंगची वायर पाहावी, मग लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा.

आता खरा मुद्दा, पट्टीचा. मिनिटाला साडेचार फेऱ्यांच्या आसपास फरक पडला की ७८ची रेकॉर्ड अर्ध्या स्वराने सरकते. वेग तेवढा जास्त झाला तर काळी एकमध्ये गायलेला गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. आवाज कोवळा होतो, तान उगाच चपळ वाटते. १९२५च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी तर ७८ हा आकडा नावापुरताच होता, तबकड्या कमी-अधिक वेगाने कापल्या जात. पायपेटीच्या साथीचं नाट्यपद असेल तर एक आधार मिळतो: पेटीचे स्वर ठरलेले असतात. पेटी दोन सुरांच्या मधेच बोलू लागली तर वेगावर संशय घ्यावा. अर्थात जुनी पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी तंतोतंत जुळेलच असं नाही, त्यामुळे शेवटचा कौल गायकाच्या आवाजाचा धर्म ओळखणाऱ्या कानाचा. इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी जुन्या पदांचा वेग कोणी तपासलेलाच नाही, आणि त्यावरून लोक त्या गायकांच्या पट्टीबद्दल बोलतात.

ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर घाई करता येत नाही. ४० मिनिटांच्या एलपीला ४० मिनिटंच लागतात. पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, डिजिटलमध्ये माथा कापला गेला की तो भरून काढता येत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला स्टीरिओ फाइल मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा खाते. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातलं काहीही गळत नाही. एमपी३ फोनसाठी, संग्रहासाठी नव्हे.

यानंतर मोह सुटतो तो ‘नॉइज रिडक्शन’चा. टक्-टक् हाताने काढावी, ते ठीक. पण खरखर पूर्ण पुसायला गेलं की तंबोऱ्याची आस आणि स्वराच्या शेवटचा श्वासही जातो, आणि मागे पाण्यातून आल्यासारखा आवाज उरतो. माझं मत: पहिली, न छेडलेली प्रत कधीही पुसू नये, सगळी सफाई दुसऱ्या प्रतीवर. काही जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गायक-गायिका आपलं नाव पुकारतात, तेही कापू नये. ती पुकार संशोधकाच्या कामाची असते. तसाच लेबलचा फोटो आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक.

१९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी अशा नोंदी जपण्याचं वळण घालून दिलं आहे. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ लेबलच्या रेकॉर्डी ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज’ योजनेतून डिजिटल झाल्या आहेत.

कायद्याचं थोडक्यात: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्यानंतरही चालू असू शकतात. घरच्यासाठी प्रत काढणं वेगळं, ती जगाला वाटणं वेगळं.

आणि काम झाल्यावर रेकॉर्डी भंगारवाल्याला देऊ नका. त्या उभ्या, एकमेकींवर रेलू न देता ठेवा. फाइल आजच्या सुईची आहे. पुढे कोणाकडे तिच्याहून चांगली सुई असेल तेव्हा त्याला तबकडीच लागेल.