यंत्राचा हात

समोर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. तो उचलून तोंडाला लावा. आता सांगा बघू, हात किती ठिकाणी वळला? खांदा हलला. कोपर दुमडले. मनगट फिरले. बोटांनी तांब्या धरला.

मोटारीच्या कारखान्यात लोखंडी हात असतो. त्यालाही असेच सांधे असतात. त्याला रोबो म्हणतात. तो पत्रे जोडतो, रंग मारतो, जड सामान उचलतो. कारखान्यातला असा पहिला हात 1961 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलणे, हे त्याचे काम. आज पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांतही असे हात आहेत.

या हाताला बहुधा सहा सांधे असतात. बुडाशी कंबर, वर खांदा, मग कोपर, आणि मनगटाचे तीन. बोटांच्या जागी चिमटा किंवा रंगाची पिचकारी बसवतात.

प्रत्येक सांध्याला विजेची मोटर असते. ती भराभर फिरते, पण तिचा जोर थोडा. म्हणून मध्ये दातेरी चाके घालतात. घाट चढताना एस.टी.चा ड्रायव्हर गेअर बदलतो. गाडी हळू जाते, पण चढ चढते. तसेच हे.

सांधा किती वळला, हे मोजणारा एक भाग मोटरीला जोडलेला असतो. ही खबर तारेतून शेजारच्या पेटीत जाते. पेटीत संगणक असतो. किती वळायला हवे होते आणि किती वळला, हे तो ताडून पाहतो. कमी पडले तर पुढे फिरवतो, जास्त झाले तर मागे घेतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालते.

पण काय करायचे, हे त्याला कोण शिकवतो? माणूसच. शिकवणाऱ्याच्या हातात बटणांची पाटी असते. तो हात एका जागी नेतो आणि ती जागा नोंदवतो. मग दुसरी जागा, मग तिसरी. चिमटा कुठे मिटायचा, किती वेगाने जायचे, तेही नोंदवतो. झाला धडा तयार! मग हात रात्रंदिवस तोच धडा गिरवतो.

मात्र त्याला अक्कल नाही. वस्तू वीतभर सरकली, तर साधा हात हवेतच चिमटा मिटतो. वाटेत माणूस आला तरी त्याला कळत नाही. 1979 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका कारखान्यात अशा हाताचा तडाखा बसून एक कामगार मेला.

म्हणून हाताभोवती कुंपण घालतात. कुंपणाचे दार उघडले की हात थांबतो. शिकवताना त्याचा वेग सेकंदाला 25 सेंटिमीटरच्या आत ठेवतात. पाटीला एक खटका असतो. तो अर्धा दाबून धरला तरच हात हलतो. सोडला तर थांबतो. घट्ट आवळला तरी थांबतो. घाबरलेला माणूस खटका सोडील की आवळील, याचा काय नेम?

उद्या तुमचा मुलगा अशा कारखान्यात लागला, तर त्याला एवढे सांगा. हात थांबलेला दिसला, म्हणजे तो बंद आहे असे समजू नकोस. तो पुढच्या खुणेची वाट बघत असेल. आधी वीज बंद कर, कुलूप लाव, किल्ली खिशात ठेव. मगच आत पाऊल टाक.