पेंग्विनचा फोटो पाच मीटरवरून

पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला अंटार्क्टिका हा बर्फाचा खंड आहे. तिथे गाव नाही, शेत नाही, दुकान नाही. निरनिराळ्या देशांच्या संशोधकांची ठाणी तेवढी आहेत. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि त्यांच्यासोबत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ साली भारताच्या मोहिमेतून तिथे गेल्या. भारताच्या मोहिमेतून त्या खंडावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. आता काही लोक पदरचे पैसे भरून नुसते फोटो काढायलाही तिथे जातात. अशी सफर कशी असते, ते आज सांगते.

जहाज बहुतेक वेळा अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून सुटतं. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला उन्हाळा, तेवढ्यातच जाता येतं. मधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला दोनेक दिवस लागतात आणि तिथला समुद्र फार खवळतो. हौसेनं घेतलेले कॅमेरे बाजूला पडतात, माणसं अंथरुणाला धरून असतात.

पुढे किनाऱ्यापर्यंत रबरी होडीतून जायचं. होडीत चढताना हात रिकामे हवेत, कॅमेरा पिशवीत. एका ठिकाणी एका वेळी १००पेक्षा जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, आणि ५००पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कुणालाच उतरवायचं नाही, असा तिथला नियम आहे. म्हणजे जहाजावर २०० जण असतील तर निम्मे उतरणार, निम्मे वाट बघणार. लहान जहाजाचे पैसे जास्त पडतात ते यासाठी. इथे एक गोम आहे. जाहिरातीत ‘बारा जणांचा छोटा गट’ असतो, पण तो गट चारशे माणसांच्या जहाजावरही असू शकतो. म्हणून गटात किती हे विचारून भागत नाही, जहाजावर एकूण किती हे विचारावं लागतं.

उतरण्याआधी बूट जंतुनाशकात धुतात. कपड्यांचे खिसे, शिवणी, पिशवीचे कोपरे झटकून, चिमट्यानं वेचून बी काढतात. आपण रानातून आल्यावर लुगड्याची कुसळं वेचतो तसंच. एवढं कशाला, असं वाटेल. पण परदेशी धान्यातून आलं म्हणतात त्या गाजर गवतानं आपल्या बांधांचं काय केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरही माणसांबरोबर गेलेलं एक परकं गवत रुजलंच.

आता खरी गोष्ट पेंग्विनची. त्याच्यापासून निदान पाच मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला तर येऊ द्यायचा, आपण जायचं नाही. खुडूक कोंबडीजवळ सारखं गेलं तर ती अंड्यांवरून उठते, हे आपल्याला ठाऊक आहे. पेंग्विन दगडगोट्यांचं घरटं करून उघड्यावर अंडी उबवतो, आणि स्कुआ नावाचा पक्षी तिथेच टपून बसलेला असतो. पेंग्विन क्षणभर उठला की अंडं गेलं. फोटो घेणाऱ्याला ते कळतही नाही, तो आपल्या फोटोत खूश असतो. म्हणून पक्ष्यानं मान ताणली, ओरडायला लागला, जागचा हलला की मुकाट्यानं मागे सरायचं. पेंग्विन समुद्राकडे जाता-येता बर्फात वाटा पाडतात. त्या वाटेत उभं राहायचं नाही. आपला पाय खोल रुतला तर तो खड्डा बर्फानं बुजवायचा, कारण आखूड पायांचा पेंग्विन त्यात पडला तर त्याला निघता येत नाही.

अलीकडे बर्ड फ्लू तिथवर पोचला आहे. त्यामुळे जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, पिशवी खाली ठेवणं बंद. जमिनीला फक्त बूट लागले पाहिजेत. पेंग्विनच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर उकिडवं बसायचं. भल्याभल्या फोटोग्राफरांचे पाय त्यात भरून येतात. भात लावणाऱ्या बायका तिथे सहज तास काढतील!

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी छातीजवळच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. गार कॅमेरा उबदार खोलीत नेला की गार पाण्याच्या तांब्यासारखे त्याला थेंब सुटतात. म्हणून बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा आणि आत गेल्यावर तास-दोन तास उघडायचा नाही. सगळीकडे पांढरं असलं की कॅमेरा फसतो आणि बर्फ मळकट दिसतो. उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. कापसाच्या ढिगाचा फोटो काढताना फोनवर हे करून बघा, फरक लगेच दिसेल.

खर्च काही लाखांच्या घरात जातो. त्यात विमान, विमा, गरम कपडे धरलेत का, हे लेखी घ्यावं. विम्यात आजारी माणसाला तिथून हलवण्याचा खर्च हवाच, कारण जहाजावर डॉक्टर असला तरी मोठं हॉस्पिटल फार लांब असतं. आणि वारा सुटला तर ठरलेल्या ठिकाणी उतरणं रद्द होतं, त्या दिवसाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. पुढच्या वेळी तिथल्या व्हेलविषयी बोलू.