नावांचा प्रवास

रत्नागिरी, वेंगुर्ले आणि गोवा या किनारपट्टीवर रॉड्रिग्ज, फर्नांडिस, अल्वारिस अशा आडनावांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची बोली इथलीच, जेवणही इथलेच. मग ही नावे आली कोठून?

इसवी सनाच्या पाचव्या शतकात व्हिसिगॉथ नावाचे जर्मानिक लोक आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरले. इ. स. ७११ मध्ये अरब-बर्बर आक्रमणापुढे त्यांचे राज्य कोसळले. पुढे त्यांची भाषाही लोपली. परंतु त्यांची नावे मात्र तेथील लोकांच्या तोंडी टिकून राहिली.

या नावांची घडण आपल्या ‘जयसिंह’, ‘देवदत्त’ यांसारखी सामासिक असते. ‘रॉड्रिगो’ या नावातील पहिल्या पदाचा अर्थ कीर्ती आणि दुसऱ्याचा सत्ता. हे दुसरे पद आपल्या ‘राजन्’ शब्दाचे सगोत्र होय. ‘आल्वारो’ म्हणजे सर्वांचा रक्षक. पोर्तुगीज भाषेत अशा नावाला ‘एस’ हा प्रत्यय लागला, की ‘त्याचा पुत्र’ असा अर्थ होई. रॉड्रिगोचा पुत्र तो रॉड्रिग्ज, आल्वारोचा पुत्र तो अल्वारिस. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य जसे ‘बाळ गंगाधर टिळक’, तशीच ही पित्याची ओळख. मात्र तिकडे पुढे तीच कुलनाम बनली.

देश बदलला की नावाचे रूपही पालटते. कृष्णाचा कोठे किसन होतो, कोठे कान्होबा, तर तमिळनाडूत कण्णन. त्याचप्रमाणे रॉड्रिगो इंग्लंडात रॉडरिक झाला आणि रशियात रूरिक.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. ‘आफोन्सो’ हे नावही त्याच जर्मानिक कुळातले. पुढे येथील जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे मिळाली. पुष्कळदा ती धर्मपित्याची किंवा धर्मगुरूची असत. म्हणून आडनावावरून कोणाचे रक्त किंवा निष्ठा परकी ठरविणे चुकीचे आहे.

याची साक्ष इतिहासच देतो. १९५० नंतरच्या दशकात ‘नॅशनल काँग्रेस, गोवा’ या संघटनेचे नेतृत्व करून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सत्याग्रह उभारणाऱ्या पुढाऱ्याचे नाव होते पीटर अल्वारिस. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जे नाव राज्यकर्त्यांबरोबर समुद्रापलीकडून आले, तेच धारण करणारा पुरुष त्यांच्याविरुद्ध या भूमीसाठी लढला. नाव दुरून येते. त्याला अर्थ देते ते माणसाचे कर्तृत्व.